नाकाची गोष्ट सगळे सांगतात, हाताची कोणी सांगत नाही

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बोली मात्र तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज सुरुवातीलाच एक मशीन येणार आहे.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. आमच्या घरी कडबा-कुट्टीचं यंत्र होतं. विजेवर चालणारं, एका बाजूनं ज्वारीचा कडबा सारायचा आणि दुसऱ्या बाजूनं बारीक कुट्टी पडायची. गाव-खेड्यातल्या प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा असतो. २०११ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नववीत होतो. संध्याकाळी दिवे गेले होते, ते आले, मशीन सुरू झालं आणि माझ्या मोठ्या काकांचा उजवा हात कडब्यासोबत आत ओढला गेला. मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी, अशी तीन बोटं गेली. हाताच्या पाठीवरचं कातडंही गेलं.

हा अपघाताचा एपिसोड नाही. काका बरे आहेत, मागच्या आठवड्यात त्यांनीच मला फोनवर तुरीचा भाव सांगितला. आजची गोष्ट आहे ती नंतरच्या दुखण्याची. ऑपरेशन चांगलं झालं, जखम भरली, टाके निघाले आणि त्यानंतर जे दुखणं सुरू झालं, त्याची. ते दुखणं टाळता येतं का, हे माणसाला कधी कळलं, किती उशिरा कळलं, याचा हा इतिहास आहे. आणि तो सुरू होतो आपल्या पुण्यात.

पुणे, १७९३

ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सॅपवर अर्धी ऐकली असेल. 'जगातली पहिली प्लास्टिक सर्जरी भारतात झाली' असा तो फॉरवर्ड असतो. आता पूर्ण ऐका.

तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध चालू होतं. इंग्रजांच्या फौजेत सामान वाहणारे बैल हाकायला एक माणूस होता. इंग्रजी कागदात त्याचं नाव 'कावसजी' असं लिहिलंय. नाव पारशी वाटतं, पण त्याच कागदात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचंही लिहिलंय. १७९२ मध्ये तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही तोडला गेला. तसाच तो परत आला. वर्षभर बिननाकाचा राहिला.

मग पुण्याजवळ एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, डॉक्टर तर नव्हताच. विटा भाजणाऱ्या जातीतला, म्हणजे कुंभार समाजातला कारागीर होता. नाकाच्या मापाचा मेणाचा एक पातळ तुकडा त्यानं कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढं कातडं सोडवलं. पण पूर्ण कापलं नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये त्याचा एक देठ राखला. त्या देठावर कातडं फिरवून खाली आणलं आणि नाकाच्या जागी बसवलं. रक्त त्या देठातूनच येत राहिलं. वरून काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग तूप लावलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला. नाक तयार.

हे सगळं टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं आधी मुडद्यांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपच्या प्लास्टिक सर्जरीनं इथून नवी सुरुवात केली.

आता मला सांगा, या सगळ्यात हात कुठे गेला?

नाकाची इतकी बारीक हकीकत आहे. मेण किती, काथ कसा, तूप कधी, देठ कोणत्या दिवशी. हाताबद्दल मात्र एवढंच की तोही कापला होता. मनगटाच्या वर राहिलेलं ते थोटूक रात्री जळायचं का, नसलेली बोटं आखडायची का, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी लिहिलं नाही. नाक दिसतं. नसेचं दुखणं दिसत नाही. पुढची दोनशे वर्षं हेच चालू राहिलं, असं मला वाटतं.

आमच्या घरी पंचवीस नाही, एकवीस दिवस

काकांना आधी यवतमाळला नेलं, तिथून मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात. नाव सांगत नाही. ऑपरेशन करणाऱ्यांनी हात वाचवला, त्याबद्दल आमचं घर आजही त्यांचं नाव आदरानं घेतं.

केलं काय, तर जांघेजवळच्या कातड्याचा एक लांबट तुकडा सोडवला, पण त्याचा देठ तसाच ठेवला, आणि हात तिथेच नेऊन शिवला. याला ग्रॉइन फ्लॅप म्हणतात. मॅकग्रेगर आणि जॅक्सन या दोन सर्जननी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे हाताच्या अपघातांत ती खूप वापरली जाते. काकांचा हात तीन आठवडे जांघेला शिवलेला होता. सरळ उभं राहता येत नव्हतं. काकू घास भरवायची. एकविसाव्या दिवशी देठ कापला.

कपाळाऐवजी जांघ, नाकाऐवजी हात, पण हिशेब तोच. त्या कुंभाराचं तंत्र सव्वादोनशे वर्षांनी लंडनचा फेरा मारून आमच्या घरी आलं होतं.

मधल्या फेऱ्याचं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात चेहरे फुटलेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलीज यांनी हे काम केलं. त्यांच्या हाताखाली शिकून डॉ. नोशीर अंतिया मुंबईला आले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नागपूरला १९५० च्या दशकाच्या शेवटी डॉ. सी. बालकृष्णन यांनी विभाग सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. म्हणजे विदर्भातल्या माणसाला ही शस्त्रक्रिया नवीन नाही.

एक गंमत सांगतो. जांघेचं कातडं हातावर आलं तरी ते वागतं जांघेसारखंच. काकांचं पोट सुटलं की हाताची ती जागाही सुटते. ते स्वतःच हसतात, "पाय, हात बी जाडा होऊन राह्यला."

"करंगळी जळून राह्यली"

दोन महिने बरे गेले. मग एका रात्री काका उठून बसले. काकूला म्हणाले, "माई करंगळी जळून राह्यली."

करंगळी नव्हतीच.

आधी घरात कोणी मनावर घेतलं नाही. मग ते रोजचं झालं. पांघरूण हाताला घासलं तरी ओरडायचे. थंड वारा लागला तरी. हाताच्या कडेला एक जागा होती, तिथं चुकून काही लागलं की कोपरापर्यंत करंट जायचा. शब्द त्यांचाच, करंट. माझी आजी म्हणाली, तुटलेली बोटं नीट पुरली नाहीत, वाकडी पडली असतील, म्हणून दुखतात. एका भगतालाही दाखवलं. तपासणीला परत गेलो तेव्हा तिथल्या एका साहेबांनी जखम पाहिली, म्हणाले, जखम तर छान भरली आहे, बोटच नाही तर दुखेल कसं, मनाचे खेळ आहेत, कामात लक्ष घाला.

घरी येताना एसटीत काका मला म्हणाले, "लेका, मी काय खोटं बोलून राह्यलो का?" मी म्हणालो, "नाही काका." पण खरं सांगतो, मलाही तेव्हा खात्री नव्हती. चौदा-पंधरा वर्षांचा होतो. बोट नाही आणि बोट दुखतं, हे डोक्यात बसतच नव्हतं.

नंतर काका गप्प झाले. बैल विकायची भाषा करू लागले. आमच्या जिल्ह्यात शेतकरी माणूस गप्प झाला की घरचे घाबरतात. का घाबरतात, ते तुम्हाला सांगायला नको. काकूनं त्या महिन्यात फवारणीची औषधं शेजारच्यांकडे नेऊन ठेवली. कोणाला काही बोलली नाही, नुसती नेऊन ठेवली.

म्हणून हा विषय माझ्यासाठी लहान नाही.

नस म्हणजे नक्की काय?

इथे आपली भाषाच थोडी गोंधळ करते. आपण 'नस' कशाला म्हणतो? रक्ताची नळी दिसली की नस. स्नायूची दोरी आखडली की नसेवर नस चढली. कंबर दुखली की नस दबली. शाळेच्या पुस्तकात चेतातंतू किंवा मज्जातंतू असतो, पण घरी तो शब्द कोणी बोलत नाही. आज मी नस म्हणेन तेव्हा संवेदना नेणारी आणि हालचालीचा हुकूम पोचवणारी दोरी, एवढंच समजा.

ही दोरी कापली की तिचं पुढचं टोक मरतं. मागचं मात्र जिवंत असतं आणि ते वाढायला लागतं. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. जणू ते आपलं जुनं घर शोधायला निघतं. समोर घर असेल, म्हणजे कापलेलं दुसरं टोक नीट जोडलेलं असेल, तर ते पोचायची शक्यता असते. पण बोटच नसेल तर? मग तंतू वाढतात, वळतात, एकमेकांत गुंततात, भरलेल्या जखमेच्या कडक कातडीत अडकतात, आणि तिथे एक गाठ होते. तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ कॅन्सरची नसते. पण हात लागला की ती मेंदूला निरोप पाठवते. आणि मेंदू तो निरोप वाचतो जुन्या पत्त्यावरून, करंगळी.

या जुन्या पत्त्याची एक सोपी खूण त्या कपाळाच्या नाकातच आहे. कपाळाच्या कातड्यातून केलेल्या नाकाचा देठ जोवर कापलेला नसतो, तोवर नव्या नाकाला बोट लावलं तर पेशंटला वाटतं की कपाळाला लावलं. कातडं हललं, पत्ता हलला नाही.

नसलेल्या अवयवाचं दुखणं सोळाव्या शतकात फ्रान्सचा सर्जन आंब्रोआझ पारे यानं लिहून ठेवलंय. त्याचा नीट अभ्यास झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. फिलाडेल्फियात सायलस वीअर मिचेल नावाचे डॉक्टर नसेला गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करायचे. ते सैनिक जळणाऱ्या हातावर सतत ओलं फडकं ठेवायचे, बुटात पाणी ओतून चालायचे. मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १८७१ मध्ये मिचेल यांनी नसलेल्या अवयवाच्या जाणिवेला 'फँटम लिंब' म्हटलं, म्हणजे भुताचा अवयव.

पण त्याआधी, १८६६ मध्ये, त्यांनी हे सगळं एका मासिकात गोष्ट म्हणून छापलं. चारही हातपाय गमावलेल्या एका माणसाची गोष्ट, लेखकाचं नाव न देता. लोकांना ती खरी वाटली आणि काहींनी त्या काल्पनिक पेशंटसाठी पैसेही पाठवले. म्हणजे बघा, गोष्टीतल्या माणसाचं दुखणं लोकांनी खरं मानलं. खाटेवरच्या खऱ्या माणसाचं मात्र पुढे कितीतरी वर्षं 'मनाचे खेळ' ठरत राहिलं.

आधीच सुन्न केली तर?

आता मूळ प्रश्न. हे दुखणं सुरू झाल्यावर उपचार करणं वेगळं आणि ते सुरूच होऊ न देणं वेगळं. दुसरा विचार कधी आला?

त्यासाठी आधी नस सुन्न करता यायला हवी होती. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी दाखवलं की कोकेननं डोळा सुन्न होतो. लगेच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी ते थेट नसेजवळ टोचून अख्खा भाग सुन्न करून दाखवला. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले, आणि त्या नादात ते स्वतः कोकेनचे व्यसनी झाले.

मग क्लीव्हलँडचे सर्जन जॉर्ज क्राइल आले. साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एक वेगळीच गोष्ट मांडली. पेशंट पूर्ण बेशुद्ध असला तरी कापण्याचा मार मेंदूपर्यंत पोचतोच, तेव्हा झोपवा आणि शिवाय नसही सुन्न करा. त्या काळात हे फार कोणी उचललं नाही. माणूस झोपला आहे, त्याला काय कळतंय, असंच सगळ्यांना वाटायचं.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की जोराची इजा झाली की पाठीच्या कण्यातली मज्जाच जास्त हळवी होते. म्हणजे बघा, दारावर कोणी तासभर दणके दिले तर नंतर नुसती कडी वाजली तरी घरातला माणूस दचकतो. तसंच. १९८८ मध्ये पॅट्रिक वॉल यांनी 'पेन' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला, विषय होता ऑपरेशननंतरचं दुखणं आधीच टाळणं. त्याच वर्षी एक लहानसा अभ्यास आला की पाय कापण्याच्या तीन दिवस आधीपासून कमरेतून औषध देऊन दुखणं पूर्ण थांबवलं, तर नंतर फँटम दुखणं कमी होतं. अभ्यासात माणसं फक्त २५ होती.

सगळे खूश झाले. पण १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डेन्मार्कचा ६० जणांवरचा, जास्त काटेकोर अभ्यास आला. त्यात तसा फायदा दिसला नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. 'आधी इंजेक्शन घ्या, नंतर दुखणारच नाही' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध राहा. नस आधी सुन्न केली की ऑपरेशनच्या वेळचं आणि पहिल्या काही दिवसांचं दुखणं नक्की कमी होतं. छातीच्या आणि स्तनाच्या काही ऑपरेशनमध्ये लांबचं दुखणंही कमी होतं असं दिसलंय. पण नसेचं कापलेलं टोक मोकळं सोडलं, तर नुसतं सुन्न करून भागत नाही.

टोकाला काम द्या

मग टोकाचं काय करायचं? जुनी पद्धत म्हणजे नस जरा ओढायची, कापायची आणि सोडून द्यायची, म्हणजे ती आत सरकते. बरेच ठिकाणी अजूनही हेच करतात. आत सरकली म्हणून गाठ व्हायची थांबत नाही, फक्त जरा खोल होते.

१९८० च्या दशकात सुझन मॅकिनन आणि ली डेलन यांनी दाखवलं की टोक निरोगी स्नायूत पुरलं, कातडीपासून लांब, तर गाठ कमी होते. ही पहिली मोठी पायरी.

दुसरी पायरी जवळजवळ अपघातानं सापडली. अमेरिकेत टेनेसीमध्ये जेसी सलिव्हन हे विजेच्या तारांवर काम करायचे. २००१ मध्ये शॉक लागून त्यांचे दोन्ही हात गेले. शिकागोत टॉड कुइकेन यांना त्यांच्यासाठी मनानं चालणारा यांत्रिक हात करायचा होता. म्हणून २००२ मध्ये सर्जन ग्रेगरी डुमॅनियन यांनी हाताच्या कापलेल्या नसा छातीच्या स्नायूंतल्या छोट्या नसांना जोडल्या. हात उघडायचा विचार केला की छातीचा एक तुकडा हलायचा आणि मशीन ते वाचायचं. आणि छातीला हात लावला की सलिव्हन यांना वाटायचं, आपल्या गेलेल्या हाताला कोणी हात लावतंय. ते कपाळ आणि नाक आठवतंय ना?

पुढे अशा पेशंटकडे पाहताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की यांना गाठीचं दुखणं फारसं होत नाही. नसेला नवं घर मिळालं होतं, भटकायचं कारण उरलं नव्हतं. २०१९ मध्ये २८ जणांवरचा तुलनात्मक अभ्यास छापून आला आणि या पद्धतीच्या बाजूनं निकाल दिसला. मिशिगनमध्ये पॉल सिडर्ना यांच्या गटानं आणखी सोपी युक्ती केली. पेशंटच्याच स्नायूचा एक छोटा तुकडा घ्यायचा आणि नसेच्या टोकाला पुरचुंडीसारखा गुंडाळायचा. अवयव कापतानाच हे केलेले ४५ जण आणि न केलेले ४५ जण त्यांनी पाहिले. न केलेल्यांत सहा जणांना दुखरी गाठ झाली. केलेल्यांत एकालाही नाही.

बघा, पुण्याच्या कुंभाराला कातड्याबद्दल जे कळलं होतं, तेच दोनशे वर्षांनी नसेबद्दल कळलं. सोडवलेल्या गोष्टीला उघड्यावर टाकू नका, तिला जगायला जागा द्या.

कापूस, तूर आणि आरसा

काकांचं पुढे काय झालं? दीड वर्षानंतर एका डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटानं हळूहळू टकटक करत गेल्या. एका जागी काकांनी झटका दिला. बाई म्हणाल्या, "इथे आहे. तुमचं दुखणं खरं आहे, काका." एवढ्या एका वाक्यावर माझे काका लहान मुलासारखे रडले.

ती टकटक करायची चाचणीही इतिहासातलीच आहे. १९१५ मध्ये फ्रान्सचे ज्यूल तिनेल आणि जर्मनीचे पॉल हॉफमन, दोघांनी एकमेकांना न विचारता ती लिहिली. दोन्ही देश तेव्हा एकमेकांवर तोफा डागत होते. दोन्हीकडच्या सैनिकांच्या नसा मात्र सारख्याच बोलत होत्या.

काकांचं दुसरं छोटं ऑपरेशन झालं. गाठ काढली, नसेची टोकं आत स्नायूत पुरली. नंतर हाताचा व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक काम दिलं. आधी त्या जागेवरून रोज कापूस फिरवायचा. सवय झाली की सुती कापड, मग खरखरीत टॉवेल, मग हात तांदळाच्या डब्यात घालायचा, मग तुरीच्या. नसेला आणि मेंदूला हळूहळू शिकवायचं की हा स्पर्श आहे, हल्ला नाही. आता कापूस आणि तूर आमच्या घरी आणायला लागत नाही, ती घरचीच. आजी बाजूला बसून पाहायची. म्हणाली, "एवढंच होतं तं आधीच काहून नाई सांगतलं?"

खरंच, काहून नाही सांगितलं?

आरशाचंही सांगतो. चेन्नईत शिकलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात एक साधी पेटी केली. मध्ये आरसा उभा. चांगला हात आरशासमोर ठेवायचा, तुटलेला मागे. आरशात पाहून चांगला हात हलवला की डोळ्यांना दोन्ही हात पूर्ण दिसतात, आणि काहींचा आखडलेला भुताचा हात सैल होतो. २००७ मध्ये अमेरिकन सैनिकांवरच्या एका छोट्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला. सगळ्यांना होतोच असं नाही. पण आरसा कुठल्याही बाजारात मिळतो. आम्ही काकूच्या कपाटाचा वापरला.

आज दुखणं पूर्ण गेलं का? नाही. अमावस्या-पौर्णिमेला दुखतं असं काका म्हणतात, थंडीत नक्की दुखतं. पण झोप लागते. बैल विकले नाहीत.

तक्त्यात रकाना नाही

शेवटचा मुद्दा. आमचा यवतमाळ कापसाचा जिल्हा. कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ छोटी रेल्वे आली, शकुंतला. जिनिंग आले, प्रेस आले, आणि यंत्रात हात जाणंही आलं. १९२३ मध्ये कामगार भरपाईचा कायदा झाला. त्याच्या तक्त्यात बोटांचे दर होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. गेलेल्या बोटाचा आकडा होता. जळणाऱ्या, नसलेल्या बोटाला त्या तक्त्यात रकाना नव्हता. इंग्रज डॉक्टरांनी नाक लिहिलं आणि हात सोडला, तसंच हे.

तो रकाना आपण निदान तोंडानं तरी भरू शकतो. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. पण तुमच्या घरात कोणाचं हात, पाय, स्तन किंवा चेहऱ्याचं मोठं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी चार गोष्टी विचारा. ऑपरेशनच्या वेळी नस सुन्न करणार का? कुठल्या नसा कापल्या जातील, आणि त्यांची टोकं कुठे ठेवणार? घरी गेल्यावर जळजळ झाली, करंट लागला किंवा कपडा घासला तरी सहन होत नसेल, तर किती दिवसांत आणि कोणाकडे यायचं? आणि हाताचा व्यायाम शिकवणारं कोणी आहे का? गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना वेळ नसतो, मला माहीत आहे. स्नायूची पुरचुंडी सगळीकडे करता येणार नाही, तेही माहीत आहे. तरी विचारा. विचारलं की नस कोणाच्या तरी डोक्यात येते, आणि ऑपरेशनच्या टेबलावर तेवढंही पुष्कळ असतं.

आणि तुमच्या घरात कोणी म्हणालं की नसलेलं बोट दुखतंय, तर त्याला मनाचे खेळ म्हणू नका. मी त्या एसटीत 'नाही काका' म्हणालो, पण मनातून म्हणालो नव्हतो. ते मला आजही खुपतं.

हा एपिसोड मी काकांना आधी ऐकवला. पूर्ण ऐकला, मग विचारलं, "त्या कावसजीचा हात बी दुखत असन ना?"

मी म्हणालो, "असेल काका."

"मंग त्याले कोनी इचारलं नाई?"

"नाही."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाक मंग हे. लोकायले ऐकू दे."

म्हणून टाकला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कुट्टी करताना लांब बाह्या वर करा, आणि दिवे आले की आधी हात बाहेर काढा, मग बटण दाबा.